मेडिकलवाल्या काकांना, ती ट्यूब न दिल्याबद्दल

भुसावळ

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव या पत्रात लिहीत नाही. विचारायला आले तेव्हा तुम्हीच म्हणालात, "नाव राहू द्या ताई, ट्यूबचं तेवढं नीट सांगा." म्हणून सगळं सांगते. पत्र तुमचं असलं तरी चारचौघांसमोर वाचलं जावं अशी माझी इच्छा आहे.

मागच्या वर्षी एप्रिलात भर दुपारी मी तुमच्या दुकानात आले होते. नेहमीचं दुकान बंद होतं, म्हणून तुमच्याकडे. चेहऱ्याच्या मलमाची रिकामी ट्यूब पिशवीतून काढली आणि म्हटलं, "ह्याच दोन द्या." तुम्ही ट्यूब हातात घेतली, चष्मा वर केला आणि माझ्याकडे पाहत म्हणालात, "ताई, जरा उजेडात या बरं."

मला राग आला होता, काका. आज कबूल करते. अनोळखी माणसाने माझा चेहरा का बघावा, असं वाटलं. पण तुम्ही विचारलंत, "आग होते का हो? गॅसजवळ गेलं की, उन्हातून आलं की, चहा प्यायलं की?" आणि माझे डोळेच भरून आले. तोपर्यंत हे मला कोणीही विचारलेलं नव्हतं. घरातले म्हणायचे, भुसावळच्या उन्हात कोणाचा चेहरा तापत नाही? इथे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, त्यामुळे तेही खोटं नव्हतं. पण माझा चेहरा रात्री दोन वाजता, कूलरसमोर झोपलेली असतानाही तापायचा. गालाला हात लावला की तव्याजवळ नेल्यासारखं वाटायचं. उशीची थंड बाजू शोधत रात्र जायची.

ट्यूबची गोष्ट अशी. धाकटीच्या वेळी गालांवर वांग आले. पार्लरमधल्या एका बाईने ही ट्यूब सांगितली. पंधरा दिवसांत चेहरा असा उजळला की लोक थांबवून विचारायला लागले. मी चार वर्षं ती लावली. एक दिवस चुकला तरी आग व्हायची आणि लावली की थांबायची. मला वाटायचं, औषध काम करतंय.

तुम्ही ट्यूबवरची लाल रेघ दाखवलीत, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही याची खूण, आणि त्यात कोणती तीन औषधं आहेत ते वाचून दाखवलंत. त्यातलं एक स्टेरॉइड. डॉक्टर ही ट्यूब ठरावीक आठवड्यांपुरती, लक्ष ठेवून देतात. २०१८ पासून अशा अनेक स्टेरॉइड मलमांना डॉक्टरांची चिठ्ठी लागते, हेही तुम्हीच सांगितलंत. मग म्हणालात, "दुसऱ्या दुकानात मिळेल तुम्हाला, मला माहीत आहे. माझ्या हातून नाही देणार."

गिऱ्हाईक समोर पैसे घेऊन उभं असताना हे म्हणणं सोपं नसतं. मीही बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, छोटा धंदा करते, मला कळतं.

तुम्ही एका कागदावर लिहून दिलंत: कोणती ट्यूब, किती वर्षं, दिवसातून किती वेळा. "ट्यूब फेकू नका. सरकारी दवाखान्यात त्वचेच्या ओपीडीला जा आणि ही दाखवा. बंद कशी करायची ते डॉक्टर ठरवतील. आणि एक लक्षात ठेवा, बंद केल्यावर आधी वाढेल. तेव्हा घाबरून परत लावू नका."

हे शेवटचं वाक्य नसतं तर मी तग धरला नसता.

ओपीडीतल्या डॉक्टर मॅडमनी तुमची चिठ्ठी वाचली आणि तिचा फोटो काढून ठेवला. त्यांनी मला बरंच विचारलं. सांधे दुखतात का, तोंड येतं का, छातीत धडधड होते का, वजन कमी झालंय का, पाळी कशी आहे, रक्तदाबाची गोळी चालू आहे का. चेहरा तापण्याची आणि लाल होण्याची कारणं अनेक असतात, त्या म्हणाल्या. रोझेशिया, म्हणजे चेहरा सारखा लाल होण्याचा त्वचेचा आजार, असू शकतो, थायरॉइड असू शकतं, ल्युपस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटण्याचा आजार, असू शकतो, पाळी जाण्याच्या वयातल्या गरम लाटा असू शकतात, रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही चेहरा तापतो. माझं रक्त तपासलं, त्यात काही निघालं नाही. भिंगाच्या यंत्रातून गाल पाहिला तेव्हा कातडी पातळ झालेली, बारीक केशवाहिन्या जाळीसारख्या उमटलेल्या आणि लव वाढलेली दिसली. त्यांनी कागदावर जे लिहिलं त्याचा अर्थ होता, स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा.

मॅडमनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला कायम सांगावीशी वाटते. गोऱ्या कातडीवर लाली लगेच दिसते. आपल्या सावळ्या कातडीवर ती काळपट, तपकिरी दिसते, म्हणून आजूबाजूचे म्हणतात, "काळवंडलीस ग!" आणि बाई आणखी मलम लावते. माझं अगदी हेच झालं होतं. मी उन्हाने काळी पडत नव्हते, माझा चेहरा आतून पेटलेला होता.

मी एकटी नाही हेही तिथेच कळलं. २०११ मध्ये देशातल्या १२ केंद्रांवर चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांची पाहणी झाली होती. त्यातले ४३३ जण चेहऱ्यावर स्टेरॉइड लावत होते आणि निम्म्याहून जास्त जणांना ते डॉक्टर नसलेल्या कोणीतरी सुचवलं होतं. मैत्रीण, पार्लर, दुकान. हे ऐकून माझी लाज थोडी उतरली.

ट्यूब बंद झाली. तिसऱ्या दिवशी डोळ्यांखाली सूज आली. पाचव्या दिवशी गालांवर बारीक पुरळ, आणि आग अशी की पदराचा स्पर्श सोसवेना. नवव्या दिवशी मी तुमच्याकडे आले, आठवतं ना? भाच्याची हळद दोन दिवसांवर होती. मी म्हटलं, "काका, फक्त लग्नापुरती द्या. हात जोडते."

तुम्ही काउंटरच्या बाहेर आलात. मला स्टुलावर बसवलंत, माठातल्या पाण्यात स्वच्छ सुती रुमाल भिजवून दिलात आणि म्हणालात, "घासू नका, नुसता ठेवा." गिऱ्हाइकं खोळंबली होती तरी तुम्ही माझ्याशी बोलत राहिलात. म्हणालात, "केळीच्या शेतात ठिबकची नळी पाहिली आहे ना? ती चार वर्षं बोटाने दाबून धरली असं समजा. हे मलम तेच करतं, रक्ताच्या बारीक नळ्या आवळून धरतं. म्हणूनही चेहरा गोरा दिसतो. आता बोट काढलंय. पाणी जोरात येणारच. नळीला पुन्हा सवय व्हायला वेळ द्या." मी नंतर मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, अगदी बरोबर, कोणतं स्टेरॉइड किती जोराचं हे ठरवायला १९६२ पासून कातडी किती पांढरी पडते हेच मोजतात.

त्या दिवशी तुम्ही ट्यूब दिली असती तर आग तासाभरात थांबली असती. आणि मी आज तिथेच असते.

हळदीला गेले. चेहऱ्याला हळद लावून घेतली नाही, हातापायाला घेतली. दोघीतिघींनी विचारलं, काय झालं. मी खरं सांगितलं. त्यातल्या एकीने तिच्या पर्समधली ट्यूब मला दाखवली. तीच होती.

पुढचे तीन महिने सोपे नव्हते. मॅडमनी सहा आठवडे डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या आणि लावायला टॅक्रोलिमस, म्हणजे स्टेरॉइड नसलेलं मलम. तेही सुरुवातीला चुरचुरलं, पण त्यांनी आधी सांगून ठेवलं होतं. बाकी सगळं बंद: साबण, बेसन, मुलतानी माती, लिंबू, गुलाबपाणी. फेस न होणारं साधं क्लीन्सर, वासाशिवायचं मॉइश्चरायझर आणि झिंकचं सनस्क्रीन, एवढंच. बर्फ थेट लावायचा नाही, त्याने चेहरा नंतर उलट जास्त तापतो. गार पाण्याचा रुमाल दहा मिनिटं पुरतो. उन्हात मी तोंडाला घट्ट स्कार्फ बांधायचे, त्यात वाफ कोंडते हे लक्षात आलं. आता मोठी छत्री घेते.

मुलीची जुनी वही घेऊन मी रोज लिहायला लागले. कधी तापला, त्याआधी काय खाल्लं, कुठे होते, कोणाशी वाद झाला का. महिन्याभरात वहीने जे सांगितलं ते मला कोणी सांगू शकलं नसतं. चहा सोडायची गरज नव्हती, कोमट होऊ दिला की भागलं. वांग्याचं भरीत चाललं, हिरव्या मिरचीचा ठेचा नाही. शेवभाजी महिन्यातून एकदा, आणि त्या रात्री रुमाल उशाशी. सगळ्यात जास्त त्रास मात्र घाट्याचा.

बिबड्यांचा घाटा म्हणजे काय हे तुम्हाला माहीत आहे. ज्वारीचं पीठ मोठ्या पातेल्यात घोटायचं, तोंडावर सरळ वाफ. वर्षाची कमाई त्या दोन महिन्यांत होते, ती सोडून चालत नाही. मी पहाटे चारला चूल पेटवायला लागले. बाजूला टेबलफॅन. दर दहा मिनिटांनी जाऊबाई घोटतात, मी गच्चीवर जाऊन वारा घेते. पूर्वी मी एकटीच घोटायचे. मदत मागायला मला लाज वाटायची. आता चुलीपाशी आम्ही दोघी गप्पा मारतो, हे या आजारातून मला मिळालेलं चांगलं काहीतरी आहे.

आज वर्ष होऊन गेलं. उजव्या गालावर दोन-तीन बारीक लाल रेषा आहेत. लेझरने त्या फिकट होऊ शकतात असं मॅडम म्हणाल्या, मी तूर्तास नको म्हटलं. वांग थोडे परत आलेत. सणावाराला, धावपळीत, गाल अजून तापतात. पण दहा-पंधरा मिनिटांत निवतात. आणि रात्री मी झोपते, काका. सलग सहा तास.

तुमचे आभार कोणत्या शब्दांत मानू, हे मला वर्षभर सुचलं नाही. तुम्ही औषध दिलं नाहीत. तुम्ही मला उजेडात बोलावलंत, चिठ्ठी लिहून दिलीत, आणि नवव्या दिवशी मी हात जोडून मागितलं तरी नाही म्हणालात. ज्या दुकानात मला चार वर्षं न विचारता ती मिळत गेली, त्यांच्यावर मी आता रागावत नाही. पण तुमच्यासारखा माणूस मला पहिल्याच वर्षी भेटला असता तर, असं मनात येतंच.

हळदीच्या दिवशी जिने ट्यूब दाखवली ती माझी मावसबहीण. तिची ओपीडी नुकतीच झाली. ट्यूब बंद केल्याचा पाचवा दिवस आहे, सूज आली आहे. तिला मी तुमचं ठिबकचं सांगितलं. तरी तुमच्या तोंडून ऐकायचंय म्हणते.

यंदाचे बिबडे चांगले वाळलेत. तुमच्यासाठी लसूण-तिळाचे वेगळे बांधून ठेवलेत. रविवारी तिला घेऊन येते, दहाच्या आत, ऊन चढायच्या आधी.

तुमची,
ट्यूब मागायला आलेली ताई