तो धूसर डागच छापायला हवा होता

संपादक महोदय,

कालच्या विज्ञान पानावर मॅलिन १ या दीर्घिकेचा (म्हणजे अब्जावधी ताऱ्यांच्या प्रचंड समूहाचा) मजकूर आणि शेजारी देवयानी दीर्घिकेचा झगझगीत रंगीत फोटो! मॅलिन १ ची सगळी गोष्टच तिच्या न दिसण्याची आहे. तिची तबकडी रात्रीच्या आकाशाच्या स्वतःच्या उजेडाहूनही मंद आहे. म्हणूनच आपल्या आकाशगंगेच्या सहापट पसरलेली ही सर्पिल दीर्घिका १९८६ पर्यंत कुणाच्या लक्षात आली नाही.

शोध ‘निव्वळ योगायोगाने’ लागला, हे वाचून तर वाईट वाटलं. खगोल-छायाचित्रकार डेव्हिड मॅलिन कन्या या दीर्घिकासमूहातल्या मंद बटू (लहान) दीर्घिका शोधत होते आणि सापडली ही, योगायोग एवढाच. दुर्बिणीने फोटो टिपलेल्या काचेच्या प्लेटवरची अतिपुसट प्रतिमा रसायनाच्या वरच्या थरात असते. ती पसरट उजेडात उतरवून घ्यायची आणि अनेक प्लेटांच्या प्रती एकमेकींवर तंतोतंत बसवायच्या, ही पद्धत त्यांनी डार्करूममध्ये खपून बसवली होती. वर्णपट घेतल्यावर कळलं, की हा डाग कन्या समूहाच्या कितीतरी मागे, सुमारे १.२ अब्ज प्रकाशवर्षांवर आहे.

मी शाळेत विज्ञान शिकवत असताना एका विद्यार्थिनीने प्रदर्शनासाठी एम ७४ या मंद दीर्घिकेचं चित्र काढलं होतं. सहा इंची दुर्बिणीतून, डोळ्याच्या कडेने बघत, अर्धा तास खर्चून जे दिसलं तेच तिने काढलं. पेन्सिलीची पूड बोटाने पसरून केलेला करडा ठिपका, मधे जरा गडद. परीक्षकांनी विचारलं, “इथलं पुसायचं राहिलं का?” बक्षीस मिळालं ते पुस्तकातून उतरवलेल्या निळ्या-जांभळ्या दीर्घिकेला. त्या मुलीने पुन्हा दुर्बिणीला डोळा लावला नाही. कालचा फोटो पाहून मला तिचा चेहरा आठवला.

आणखी एक. ‘एक अब्ज प्रकाशवर्षांपूर्वी’ असं आपण छापलं आहे. प्रकाशवर्ष हे अंतर आहे, काळ नव्हे. हीच चूक आपल्या पानावर मी याआधीही दोनदा कळवली होती. शिवाय त्याच मजकुरात प्रत्येक दीर्घिकेला ‘आकाशगंगा’ म्हटलंय. आकाशगंगा एकच, आपण राहतो ती. मराठीत ‘दीर्घिका’ हा इतका नेमका शब्द असताना तो टाळता का?

पुढच्या अंकात मॅलिन १ चा खरा फोटो छापावा. करडा आला तरी चालेल.

आपला,
एक निवृत्त विज्ञानशिक्षक