सोळांतली एकच

कुलाबा, मुंबई

प्रिय आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबांच्या अंगठ्याची सूज उतरली, बरं झालं. डॉक्टरांनी दिलेली ती कोल्चिसिनची गोळी माझ्या ओळखीची आहे. आई, आपल्या कुंपणावर कळलावी फुलते ना, तिच्या कंदातलं विष ते हेच. तेव्हा सांगितलेल्या डोसापेक्षा एकही गोळी जास्त घेऊ देऊ नकोस.

बाबा, "माश्यांच्या अंड्यांत एवढं काय बघतेस?" या प्रश्नाचं उत्तरही त्या गोळीपाशीच आहे. फळमाशीच्या अंडाशयात एका पेशीच्या सोळा होतात, पण त्या पुरत्या सुटत नाहीत. बारीक भोकांनी एकमेकींना जोडलेल्या राहतात. अंडं मात्र त्यांतल्या एकीचंच होतं. पारडं पहिल्याच विभागणीत जरासं कलतं. पेशी-पेशींतून फांद्यांसारखा पसरणारा फ्यूसोम नावाचा भाग असतो, त्याचा मोठा वाटा एकीकडे जातो. केंब्रिजच्या डॅनियल सेंट जॉन्स्टन यांच्या गटानं २०२१ मध्ये दाखवलं, की जिथे फ्यूसोम जास्त तिथे पॅट्रोनिन हे प्रथिनही जास्त, आणि ते सूक्ष्मनलिकांची टोकं सांभाळतं. पेशीच्या सांगाड्यातल्या या नलिका.

पुढचं रेल्वेत जन्म काढलेल्या माणसाला सांगायला नकोच. सगळे रूळ चर्चगेटला जाऊन टेकावेत, तशी नलिकांची टोकं त्या एका पेशीत असतात आणि डायनिन हे प्रथिन त्यांवरून तिकडेच माल ओढत नेतं. सुरुवातीचा फरक एवढासा, पण माल येत राहतो तसा तो वाढतच जातो. मला तर यातलं हेच सगळ्यात आवडतं. आता कोल्चिसिननं नलिका मोडा: सोळाच्या सोळा पोषक पेशी, म्हणजे अंड्याला पुरवठा करणाऱ्या, होतात, अंडं नाहीच! (तुमच्या पांढऱ्या पेशींतही ते याच नलिकांना अडवतं, म्हणून सूज उतरते. घाबरू नका.)

एरवी उरलेल्या पंधरा पेशी आपल्यातलं सगळं अंड्यात ओततात आणि मरतात. आई, तू यात लगेच आईपण शोधशील. शोध, पण त्यांना कुणी विचारलेलं नसतं. त्यांना संपवण्यात शेजारच्या पेशींचा मोठा हात असतो.

गणपतीला येतेय. तिकीट अजून वेटिंगवर आहे, पण त्या गर्दीत उभ्यानंही येईन.

तुमची लेक