माडीचा जिना

पुणे,
नारळी पौर्णिमा

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

रोज फोनवर बोलतो, मग पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. हे फोनवर सांगायला मी दोनदा सुरुवात केली. दोन्ही वेळा ओवीने फोन ओढून घेतला, तुम्ही तिच्याशी बोलण्यात रमलात आणि माझा धीर गेला. मे महिन्यात आपल्या घरी एका रात्री जे झालं ते मी तुमच्यापासून लपवलं. आता गणपतीला यायला जेमतेम अडीच आठवडे उरलेत. त्याआधी ते सांगायलाच हवं.

आम्ही निघायच्या दोन दिवस आधीची रात्र. खाली उकडत होतं म्हणून आपण सगळे माडीवर झोपलो होतो. मला मध्येच जाग आली, सवयीने हात पुढे केला तर गोधडी रिकामी, पण अजून ऊबदार. वाटलं, ओवी आईच्या कुशीत सरकली असेल. अंधारात चाचपून पाहिलं, आई एकटीच होती. मोबाइलचा उजेड दाराकडे केला तेव्हा दार वीतभर उघडं दिसलं. बाहेर जिन्याच्या अगदी वरच्या पायरीवर ओवी बसली होती. पाय खालच्या पायरीकडे सोडलेले, एका हातात तिचा कापडी ससा, आणि अंधारात वाकून ती खाली बघत होती. माजघरात मनी ओरडत होती, तिलाच शोधत असावी.

हाक माझ्या ओठांवर आली होती, ती मी गिळली. ओवीला हाक मारली की ती मागे वळते, हसते आणि पुढे पळते, तो तिचा खेळ आहे. मी गुडघ्यांवर रांगत गेले आणि मागून तिचं झबलं घट्ट मुठीत धरलं. मग तिला उचललं. पुढे तेरा पायऱ्या होत्या आणि खाली माजघराची फरशी.

तेवढ्यात खालून बाबा बॅटरी घेऊन वर आलात. मला दारात बघून म्हणालात, "काय गं, झोप लागत नाही का?" मी म्हणाले, "पाणी प्यायला उठले." त्या खोटेपणाचं ओझं गेले तीन महिने मनावर आहे.

बाबा, दार तुम्ही का लावलं नव्हतं ते मला माहीत आहे. त्या दाराची कडी करकरते, पोरीची झोप मोडेल म्हणून तुम्ही ते नुसतं लोटून खाली गेला होतात. वाऱ्याने ते उघडलं असेल. हे वाचून तुम्ही स्वतःला दोष द्याल आणि आठवडाभर नीट जेवणार नाही, या भीतीनेच मी गप्प राहिले. दोष द्यायचाच तर मलाही द्यावा लागेल, ती माझ्या अंगावरून ओलांडून गेली आणि मी झोपलेली होते. आई, तू तिच्या पायात चांदीचे वाळे घातले होतेस, घुंगरांचा आवाज आला की पोर कुठे आहे ते कळतं म्हणून. त्या रात्री वाळे पायातच होते. पण बसलेल्या मुलाच्या पायातले वाळे वाजत नाहीत.

तेव्हापासून मी एकच विचार करतेय. दिवसा आपण चौघे तिच्यावर लक्ष ठेवतो आणि ते पुरतं. रात्री कुणीही लक्ष ठेवू शकत नाही, कितीही जीव असला तरी. म्हणून रात्रीची राखण घराकडूनच करून घ्यायला हवी. तेव्हा ती सोळा महिन्यांची होती, आता वीस महिन्यांची आहे. दिवाणावरून स्वतः उतरते, खुर्ची ढकलत नेऊन तिच्यावर चढते. लोटलेलं दार तिला आता वाऱ्याशिवायही उघडता येतं.

पहिली विनंती सगळ्यात सोपी आणि तुम्हाला सगळ्यात नकोशी वाटणारी आहे. या वेळी तुम्ही दोघं, मी आणि ओवी, आपण खाली माजघरात झोपू. बाबांना माडीवरचा वारा हवा असतो, पण भाद्रपदात उकाडा मेइतका नसतो आणि एक टेबलफॅन मी इथून आणतेय. गादी जमिनीवर घालू, म्हणजे ती गडगडली तरी लागणार नाही. माडी दादा-वहिनी, मुलं आणि पाहुण्यांना देऊ.

एवढ्याने भागत नाही, कारण गणपतीत दिवसभर आणि आरतीनंतर उशिरापर्यंत माणसं वरखाली करणार. घरात पंधरा माणसं असली की प्रत्येकाला वाटतं पोर दुसऱ्या कुणाकडे आहे. म्हणून जिन्याला वर आणि खाली, दोन्हीकडे फाटक हवं. मेस्त्रींना उद्याच बोलवा, चतुर्थी जवळ आली की ते मखरांच्या कामात अडकतील.

बाजारात तयार फाटकं मिळतात, दोन्ही बाजूंना दाब देऊन नुसती अडकवायची. ती खाली चालतील, पण जिन्याच्या वरच्या तोंडाला अजिबात नकोत. मूल अंगाने रेललं तर ती निसटतात. शिवाय त्यांना खाली जमिनीलगत एक आडवी पट्टी असते. रात्री त्या पट्टीत मोठ्या माणसाचा पाय अडकला तर तो थेट जिन्यावरच कोसळेल. वरचं फाटक मेस्त्रींनी खांबाला बिजागऱ्या आणि स्क्रूने पक्कं बसवावं, खाली पट्टी नको. ते माडीच्या बाजूला उघडलं पाहिजे. जिन्याच्या बाजूला उघडणारं फाटक धरून उभं राहिलं तर माणूस फाटकाबरोबर हवेत जातो. उंची तीस इंच. पट्ट्या सगळ्या उभ्याच, कारण आडवी पट्टी दिसली की ओवी तिची शिडी करते. दोन पट्ट्यांमध्ये अडीच इंचांपेक्षा जास्त फट नको. कडी बाहेरच्या अंगाला आणि एका हाताने लागेल अशी, मोठ्या माणसाच्या दुसऱ्या हातात नेहमी काहीतरी असतंच. आणि तिला आधीच तेल घाला, बाबा. करकरली नाही तर ती लावायला कुणी कचरणार नाही.

आता कठड्याकडे बघा. आपल्या कठड्याचे गज मी मे महिन्यात मोजले, मध्ये सहा इंचांची फट आहे. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये घराच्या कठड्यात साधारण चार इंचांचा गोळा आरपार जाऊ नये असा बांधकामाचा नियम आहे. लहान मुलाचं अंग बारीक फटीतून सरकतं आणि डोकं अडकतं, म्हणून तो नियम. आई, तू म्हणशील जुनी नऊवारी बांधू या, आम्ही लहान असताना आजीने बांधली होती. कापड ताणलं की सैल पडतं आणि मागे मूल आहे की नाही ते दिसतही नाही. नायलॉनचं जाळं बांधलं तर तिच्या पायाची बोटं त्यात बसतात आणि ती वर चढते. पातळ प्लायवूडचे तुकडे आतल्या अंगाने गजांना स्क्रूने लावून घ्या, काम झालं की काढता येतील. पायऱ्यांना मागची फळी नाही, त्या फटीही मागून पट्ट्या ठोकून बुजवायला सांगा. त्यात दादाचा मुलगा अडकला होता, आठवतं ना?

आता बाबांशी थोडं बोलायचंय. ओवीच्या निमित्ताने मला तुमचीही काळजी वाटू लागलीय.

तुम्ही रक्तदाबाची गोळी घेता आणि रात्री दोनदा तरी न्हाणीघरात जाता. ट्यूब लावत नाही, कुणी उठेल म्हणून. बॅटरी असते, पण ती तुम्ही समोर धरता, पावलाखालची पायरी अंधारातच राहते. त्यात तुमचा चष्मा. वाचायचा भाग काचेच्या खालच्या अर्ध्यात असतो, आणि जिना उतरताना माणूस नेमका त्याच भागातून पायरीकडे बघतो. त्या काचेतून हातभर अंतरावरचं अक्षर स्पष्ट दिसतं, पायाखालची पायरी पुसट दिसते. मान खाली घालून वरच्या भागातून बघायला हवं, पण झोपेत ते कुणाच्या लक्षात राहणार? वय झालं की डोळ्याची बाहुली अंधारात पूर्वीइतकी मोठी होत नाही, म्हणून ज्या उजेडात मला पायरी दिसते त्यात तुम्हाला ती दिसेलच असं नाही. आणि उजेडातून एकदम अंधारात गेलं की डोळे सरावायला कित्येक मिनिटं जातात.

या पत्राबरोबर पार्सल पाठवतेय. त्यात चार छोटे दिवे आहेत, चार्ज करायचे, माणसाची चाहूल लागली की आपोआप लागतात आणि थोड्या वेळाने विझतात. उजेड पिवळसर आहे, झोप उडवणारा नाही. एक जिन्याच्या वर, एक मधल्या पायरीपाशी, एक खाली आणि एक न्हाणीघराच्या वाटेवर, गुडघ्याच्या उंचीला चिकटवा, म्हणजे उजेड पायरीवर पडेल, डोळ्यांत येणार नाही. पावसात आपल्याकडे लाइट जाते तेव्हाही ते चालतील. दर चार-पाच दिवसांनी चार्ज करायचे, ते काम दादाच्या मुलीला द्या, ती आवडीने करेल. पिवळ्या खरखरीत पट्टीचं एक वेटोळंही आहे. ती प्रत्येक पायरीच्या काठावर लावा. साठ वर्षं पावलांनी घासून ते काठ तुपासारखे गुळगुळीत झालेत.

आई, तुझ्यासाठी एकच. ओवीला कडेवर घेऊन जिना चढू-उतरू नकोस. अमेरिकेतल्या इस्पितळांच्या १९९९ ते २००८ या दहा वर्षांच्या नोंदी मी वाचल्या. तिथे पाच वर्षांखालची सरासरी ९३ हजार मुलं दर वर्षी जिन्यावर लागल्यामुळे तातडीच्या विभागात आणली जात होती. त्यातल्या एक वर्षाखालच्या मुलांपैकी जवळपास चौथा हिस्सा कुणाच्या तरी हातात किंवा कडेवर असताना पडलेला होता. तुझ्या एका हातात पोर, दुसऱ्या हातात तांब्या आणि पायात निऱ्या, कठडा धरायला हात उरतोच कुठे? तिला वर न्यायचंच असेल तर मला किंवा अभयला हाक मार, कितीही वेळा.

बाबा, चिपळूणला वॉकर बघून ठेवलाय म्हणालात, तो कृपा करून घेऊ नका. आत बसवून चाकांवर पळवायचा तो वॉकर सेकंदाला तीन-चार फूट जातो, आपण उठून उभे राहीपर्यंत पोर जिन्याच्या काठाशी पोहोचतं. कॅनडाने २००४ साली त्याच्यावर बंदीच घातली. तिला आता त्याची गरजही नाही. माळ्यावर माझा लाकडी पांगुळगाडा आहे ना, तोच काढा. तो स्वतःच्या पायावर उभं राहून ढकलायचा असतो. पण तोही अंगणातच.

इकडे मी तिला जिना उतरायला शिकवतेय. पोटावर पालथं व्हायचं आणि पाय आधी खाली सोडायचे. "पाय आधी" म्हटलं की ती लगेच वळते. तुम्हीही हेच दोन शब्द म्हणा, आणि तुम्ही तिच्या खालच्या पायरीवर राहा. रात्री झोपेतून उठलेल्या मुलाला मात्र हे काही आठवणार नाही, तेव्हा फाटक लावलेलंच हवं. आणि कधी ती काठाशी दिसली तर ओरडू नका, धावू नका. बोलत बोलत जवळ जा आणि धरा.

एवढं करूनही कधी पडली आणि डोक्याला लागलं, तर पुढची ओळ आई, तू कॅलेंडरवर लिहून ठेव. बेशुद्ध पडली, पुन्हा पुन्हा उलट्या झाल्या, झटका आला, उठवूनही नीट जागी होत नसेल, कानातून किंवा नाकातून पाणी अथवा रक्त आलं, तर लगेच १०८. बेशुद्ध असेल तर मान न हलवता तशीच राहू द्या. टेंगूळ चोळायचं नाही, फडक्यात बर्फ गुंडाळून हलका धरायचा. आणि मला कळवायला घाबरू नका. मी तुमच्यापासून लपवलं तसं तुम्ही माझ्यापासून लपवू नका.

पार्सल मंगळवारपर्यंत पोहोचेल. मेस्त्री माप घ्यायला आले की मला व्हिडिओ कॉल लावा, फाटक कुठल्या बाजूला उघडायचं ते मीच त्यांना सांगेन. बाबा, कडीच्या तेलाचं विसरू नका. ओवी आत्ता माझ्याशेजारी झोपलीय, तिचा पाय माझ्या मांडीवर आहे.

दादाला राखी पोचली का ते विचारा.

तुमची,
माई