नकाशा आधी चावडीवर लावा

महोदय,

सिंहस्थाच्या तयारीमुळे नाशिकभोवतीच्या रस्त्यांची, भूसंपादनाची चर्चा जोरात आहे. पण आपल्या शेताच्या गटातून रस्ता जातो की नाही, हे शहरालगतच्या आम्हा शेतकऱ्यांना आजही जमिनीच्या दलालाकडूनच कळते! आमच्या शिवारात द्राक्षबागेला खेटून प्लॉट पडले आणि ओढा मुरूम टाकून बुजवला. पहिल्याच मोठ्या पावसात बागेत गुडघाभर पाणी साचले, मुळ्या कुजल्या. 1966च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याने विकास आराखड्यावर हरकती-सूचनांचा हक्क दिला आहे. मात्र ज्यात त्याची नोटीस छापतात, ते राजपत्र गावात वाचतो कोण? आराखड्याचा गटक्रमांकांसह नकाशा ग्रामपंचायतीत लावा, अधिकाऱ्यांनी तो ग्रामसभेत समजावून सांगावा. आधी ओढे-नाले आखा, मग प्लॉट पाडा.

– एक द्राक्ष बागायतदार, ता. नाशिक