‘ल्युकेमियाच्या पेशी मारल्या’ म्हणजे नेमके काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘नव्या संयुगाने ल्युकेमियाच्या पेशी नष्ट केल्या’ अशा बातम्या वृत्तपत्रांतून वारंवार येतात. माझ्या थोरल्या बंधूंना लिम्फोसायटिक ल्युकेमिया, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाचा एक प्रकार, आहे. अशाच एका बातमीचे कात्रण घेऊन ते डॉक्टरांकडे गेले, आणि ते संयुग अजून प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीबाहेरही आलेले नाही हे कळल्यावर खचून परतले. बातमी खोटी नव्हती, अपुरी होती.

बिघडलेल्या पेशीने स्वतःहून मरावे, अशी व्यवस्था शरीरातच असते. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाच्या आवरणाला छिद्रे पडतात, त्यातून सायटोक्रोम सी हे प्रथिन बाहेर येते आणि मग कॅस्पेज नावाची विकरे पेशी आतून मोडून काढतात. बीसीएल-२ हे प्रथिन ही छिद्रे पडू देत नाही. ते पेशीला मरणापासून वाचवते, हे मेलबर्नमधील संशोधकांनी १९८८ मध्ये दाखवले. बंधूंच्या आजारातील पेशी याच प्रथिनाच्या आधारावर तगून राहतात, त्यामुळे तो आधार काढून घेणारे संयुग शोधण्याचे प्रयत्न सुरू झाले.

त्यातले नेव्हिटोक्लॅक्स परिणामकारक होते, पण प्लेटलेट्सना जिवंत ठेवणाऱ्या बीसीएल-एक्सएल या भावंड-प्रथिनालाही ते रोखत असल्याने रुग्णांच्या प्लेटलेट्स घटू लागल्या. म्हणून केवळ बीसीएल-२ वर काम करणारे व्हेनेटोक्लॅक्स घडवले गेले. तेही इतके प्रभावी ठरले की एकाच वेळी असंख्य पेशी फुटून त्यांतील पोटॅशियम आणि फॉस्फेट रक्तात उतरले, आणि सुरुवातीच्या चाचण्यांत काही रुग्ण दगावले. त्यानंतर २० मिलिग्रॅमपासून आरंभ करून पाच आठवड्यांत ४०० पर्यंत चढत जाण्याची पद्धत ठरली. अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली ती २०१६ मध्ये, म्हणजे मूळ शोधानंतर २८ वर्षांनी. पेशी मारणे जमले तरी निरोगी पेशी वाचवणे आणि मारण्याचा वेग आवरणे किती अवघड असते, हे या एका औषधाच्या वाटचालीवरून दिसते.

हळदीतील कर्क्युमिनही बशीतल्या ल्युकेमिया पेशींना मारते; परंतु तोंडावाटे घेतल्यास ते रक्तात फारच थोडे पोहोचते. हे दुसरे वाक्य छापले जात नाही, आणि त्यामुळेच कुणी चालू उपचार सोडून हळदीच्या गोळ्यांवर विसंबण्याची मला खरी भीती वाटते.

माझी विनंती अशी की, प्रयोग बशीतल्या पेशींवर झाला, उंदरांवर की रुग्णांवर, हे बातमीच्या पहिल्याच परिच्छेदात यावे आणि निरोगी पेशींचे काय झाले हेही त्यासोबत सांगावे. जागेची अडचण असेल तर मथळ्यात ‘प्रयोगशाळेत’ हा एक शब्द तरी घालावा. बंधूंनी त्या कात्रणात तो पेन्सिल घेऊन शोधला होता.

आपला विश्वासू,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षक, सातारा