मोटर बसवण्याआधी

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र काल मिळालं. आत्याचं जुनं सिंगर हातमशीन तुझ्याकडे आलं हे वाचून फार आनंद झाला, आणि लगेच पुढची ओळ वाचून काळजात धस्स झालं: 'जाम झालंय, मोटर बसवून घ्यावी म्हणतो.' हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसलोय. निदान महिनाभर तरी त्याला मोटर लावू नकोस.

आधी जाम झाल्याचं बघू. माझ्याकडे आता चार जुनी मशीनं आहेत, दोन हाताची आणि दोन पायाची. त्यातल्या तिघांचं चाक घरी आणलं तेव्हा तसूभरही हलत नव्हतं, आणि तिघांमध्येही काही मोडलेलं नव्हतं. मशीन वर्षानुवर्षं पडून राहिलं की आतलं तेल वाळून राळेसारखं चिकट होतं आणि सगळे सांधे धरून ठेवतं. पहिल्या मशीनला मी तेलाच्या प्रत्येक भोकात आणि लोखंडावर लोखंड घासतं अशा प्रत्येक जागी रॉकेलचे दोन-दोन थेंब सोडले आणि रात्रभर तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. जोर लावायचा नाही, चाक नुसतं मागे-पुढे हलवून बघायचं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते बोटभर सरकलं. मग दोन बोटं. मग एकदम पूर्ण फिरलं आणि सुई खाली जाऊन वर आली. मी घरातल्या सगळ्यांना हाका मारून बोलावलं! एक लक्षात ठेव, रॉकेलने सांधे सुटतात, पण ते वंगण नव्हे. ते पुसून शिलाई मशीनचं पातळ तेलच घाल.

मग सुईखालची पट्टी स्क्रू काढून उचल. कापड सरकवणाऱ्या दातांच्या मध्ये सुताचा भुसा दाबून बसलेला असतो. माझ्या मशीनमधून ती अख्खी गादी टाचणीने उचलून आली, नमद्यासारखी घट्ट. उजेडात धरली तर तिच्यात थर दिसले: खाली निळा, मग लाल, वर पांढरा. माझ्या आधी त्या मशीनवर कोणी काय शिवलं, ते त्याच क्रमाने साठत गेलं होतं. ती गादी मी अजून डबीत ठेवली आहे.

बाहेरून पुसताना मात्र सांभाळ. मी स्पिरिटने पुसलं होतं. काळ्या रंगावर जी सोनेरी वेलबुट्टी असते, तिच्यावर चपड्याचा, म्हणजे लाखेचा, पातळ थर दिलेला असतो आणि स्पिरिटमध्ये चपडा विरघळतो. कापसाच्या बोळ्यावर सोनं दिसलं तेव्हा थांबलो, पण तोवर वीतभर वेल गेली होती. ती परत येत नाही. त्याचं आजही वाईट वाटतं. तू नुसतं शिलाई मशीनच्या तेलाचं मऊ फडकं वापर, चार दिवस लागले तरी लागू देत.

आता मोटरचं. हँडल एकदा फिरवलं की सुई साधारण तीन टाके घालते. अर्धं फिरवलं की दीड. कॉलरच्या टोकाशी आलास की हँडल जवळजवळ थांबवून शेवटचा टाका नेमका कोपऱ्यावर पाडता येतो, सुई कापडात रोवलेली ठेवून कापड वळवता येतं आणि पुढची टीप सुरू करता येते. मोटरवर त्या जागी माझे निदान दोन टाके पुढे जातातच. उजवा हात हँडलवर अडकलेला असतो, म्हणून कापड एकट्या डाव्या हाताने सांभाळायला शिकावं लागतं. पहिले आठ दिवस टीप वाकडी येईल, येऊ दे. पायाच्या मशीनवर दोन्ही हात मोकळे राहतात, पण तिथे टाच आणि चवड्याचा ताल बसवावा लागतो. तो चुकला की चाक उलटं फिरतं आणि दोरा गुंततो.

आणि एकदा डावीकडचं सरकतं झाकण उघडून, सुईत दोरा ओवून, हँडल अगदी हळू फिरव. सुई खाली जाऊन किंचित वर येते, तेवढ्यात तिच्या मागे दोऱ्याचा बारीक फास पडतो. खालच्या दोऱ्याची बॉबिन पोटात असलेलं शटल त्या फासातून पार होतं आणि खालचा दोरा वरच्यात अडकतो. टोकाशी भोक असलेली सुई आणि शटल यांच्या जोडीने टाका घालणाऱ्या मशीनचं पेटंट इलियास हाउने १८४६ मध्ये घेतलं. कापड सरकवणाऱ्या दातांची वर, पुढे, खाली, मागे अशी चाल अॅलन विल्सनची, १८५४ ची. आजच्या विजेच्या मशीनमध्येही टाका असाच पडतो, फक्त तो डोळ्याला दिसत नाही. इथे हँडल तुझ्या हातात असतं, त्यामुळे फास पडण्याच्या क्षणी थांबून बघता येतं. मी कितीदा नुसतं तेच बघत बसलोय!

एक अडचण येईल. आत्याचं मशीन फार जुनं असेल तर त्याला उलटी टीप नसेल. शेवटी कापड फिरवून चार टाके परत घाल, नाहीतर दोन्ही दोरे मागे ओढून गाठ मार. मी गाठच मारतो. नाजूक कापडावर ती जास्त स्वच्छ दिसते.

आता माझं एक काम कर. मशीनच्या सपाट बैठकीवर उजव्या बाजूला, खांबाच्या पायथ्याशी एक नंबर कोरलेला असेल, कदाचित आधी एखादं अक्षरही असेल. त्यावरून मशीनचं साल कळतं आणि कुठल्या कारखान्यातलं तेही. स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकचं निघालं तर मला आधी कळव. तो कारखाना १९८० मध्ये बंद झाला, पण तिथल्या रेल्वे स्टेशनचं नाव अजून 'सिंगर' आहे. आणि झाकणाखालचं शटल कसं आहे तेही लिही: बंदुकीच्या गोळीसारखं लांबट, की गोल बॉबिनचं? लांबट असेल तर तसल्या दोन जादा बॉबिनी माझ्याकडे आहेत. नंबर आला की त्याच दिवशी पाठवतो.

तुझा मित्र