गच्चीवरचा टोमॅटो आणि ‘दसपट उत्पन्न’

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीत गच्चीवर मातीशिवाय टोमॅटो पिकवण्यावर जो लेख आला (पाईपांत, प्लास्टिकच्या ग्रीनहाऊसमध्ये किंवा माशांच्या टाकीच्या पाण्यावर टोमॅटो घ्या, ‘रसायनमुक्त’ आणि ‘दसपट उत्पन्न’ मिळेल असं सांगणारा) तो आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर एवढा फिरला की दोघातिघांनी लगेच किटची चौकशी पण सुरू केली, म्हणून हे लिहितेय. मी स्वतः बादल्यांत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि परलाईट (ज्वालामुखी खडकाचे फुलवलेले हलके पांढरे दाणे) भरून टोमॅटो घेते, चांगले येतात, तेव्हा हे विरोधातलं पत्र नाहीये. पण लेखात फोटो टोमॅटोचा आणि हिशोब सगळा लेट्यूस-पालकाचा आहे, सगळी गोची तिथेच आहे.

पालेभाजी महिना-दीड महिन्यात काढली की मोकळं. टोमॅटोचं रोप लावल्यावर पहिलं फळ लाल व्हायलाच दोन-अडीच महिने जातात, तोवर झाड डोक्याच्या वर गेलेलं असतं, त्याला सुतळीने बांधायचं, दर आठवड्याला बगलफुटी (पानांच्या बगलेतले कोंब) काढायच्या, आणि भर उन्हात एक मोठं झाड दिवसाला दोन-तीन लिटर पाणी सहज ओढतं. फोटोतल्या पांढऱ्या पाईपांत टोमॅटो लावला तर थोड्याच दिवसांत मुळ्यांचा बोळा होऊन पाणी अडतं आणि मग गच्चीभर तळं. टोमॅटोला मोठी बादली आणि वेगळा ड्रिपर (थेंबथेंब पाणी सोडणारी तोटी) लागतो, हे एका ओळीत सांगता आलं असतं की.

दुसरं ते ग्रीनहाऊस. थंड देशात काच लावतात ती ऊब धरायला. नाशकात एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि तुम्ही गच्चीच्या तापलेल्या स्लॅबवर प्लास्टिकची खोली उभी करायला सांगताय! दिवसा ३२-३५ अंशांच्या वर गेलं आणि रात्री पण गारवा नसला की टोमॅटोचा परागच नीट तयार होत नाही, फुलं येतात आणि देठासकट गळून पडतात, मग लोक खत वाढवत बसतात. आपल्याकडे सप्टेंबर-ऑक्टोबरला रोपं लावून थंडीत फळं घ्यायची, उन्हाळ्यात वर शेडनेट आणि बाजूंनी बारीक जाळी, एवढं पुरतं. जाळी मात्र हवीच. पांढरी माशी पानं आकसवणारा व्हायरस आणते, आणि टूटा नावाची ती पानं-फळं पोखरणारी नागअळी २०१४ मध्ये महाराष्ट्रातच आढळली, तेव्हापासून ती पण आहेच.

पण जाळी लावली की वारा अडतो आणि मग फळ धरत नाही, याबद्दल लेखात अवाक्षर नाही. टोमॅटोचं फूल स्वतःचं स्वतः फळतं पण त्याला हादरा लागतो, कारण पराग आत नळीत बंद असतो. उघड्यावर वारा हे काम फुकट करतो. आपली नेहमीची मधमाशी त्या फुलाला थरथरवू शकत नाही, भुंगा करतो, म्हणून तर युरोपात ग्रीनहाऊसमध्ये बंबलबी या जाड केसाळ माशीच्या पेट्या विकत आणून ठेवतात. घरी काय करायचं तर सकाळी दहा-अकराच्या सुमारास, फूल पूर्ण उमललेलं आणि हवा कोरडी असताना, जुन्या इलेक्ट्रिक टूथब्रशची पाठ घोसाच्या देठाला दोन सेकंद टेकवायची. पिवळी धूळ उडालेली डोळ्यांना दिसते. ब्रश नसेल तर बांधलेल्या सुतळीवर टिचकी मारा, तेवढ्यानेही भागतं.

आता ‘रसायनमुक्त’ या शब्दावर माझी खरी हरकत आहे. हायड्रोपोनिक, म्हणजे मातीशिवाय खताच्या पाण्यावरचा, टोमॅटो पूर्णपणे क्षारांवरच वाढतो, त्याच्या पाण्यात कॅल्शियम नायट्रेट, १३-०-४५, ०-५२-३४ (हे आकडे नत्र-स्फुरद-पालाशच्या टक्क्यांचे), मॅग्नेशियम सल्फेट आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं असतात. द्राक्षवाल्या गावातल्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात हीच खतं मिळतात, ऑनलाईन रंगीत बाटलीत मिळतात ती पण साधारण हीच, फक्त भाव बाटलीचा. यात वाईट काही नाही, झाड मुख्यतः नायट्रेट म्हणूनच नत्र घेतं मग ते शेणातून येवो की पिशवीतून, पण रसायनमुक्त म्हणू नका ना. आणि ग्रुपवर एकाने सांगितलं तसं नुसतं १९-१९-१९ पाण्यात टाकून चालत नाही, त्यातला बराचसा नत्र युरियाच्या रूपात असतो, मातीत त्याचं रूपांतर करायला जीवाणू असतात, बादलीत ते काम नीट होत नाही. कॅल्शियम नायट्रेट पण सल्फेट-फॉस्फेटच्या घट्ट द्रावणात मिसळायचं नाही, पांढरा साका बसतो आणि ड्रिपर चोक होतात, म्हणून दोन कॅन वेगळे ठेवायचे. पीएच (पाण्याची आम्लता) ५.५ ते ६.५ च्या आत, ईसी (पाण्यात क्षार किती विरघळलेत त्याचं माप) फळांच्या वेळी दोन ते अडीचच्या आसपास, उन्हात ईसी चढला तर खत नाही, साधं पाणी वाढवायचं.

फळाच्या बुडाला काळा चट्टा पडला की सगळे कॅल्शियम फवारायला धावतात, पण बरेचदा पाण्यात कॅल्शियम असतंच, पाणी कधी कमी कधी जास्त मिळाल्याने किंवा ईसी फार वाढल्याने ते फळापर्यंत पोचत नाही. पाण्याची पाळी नीट लावली की पुढचे घोस स्वच्छ येतात.

मासेवाल्या पद्धतीचं म्हणाल तर ती खरंच सुंदर आहे, माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून पाण्यात येणारा अमोनिया, त्याचं जीवाणू आधी नायट्राईट आणि मग नायट्रेट करतात, ते झाड खातं. पण टाकी भरली, मासे सोडले, रोपं लावली असं होत नाही, जीवाणू बसायला महिना-दीड महिना द्यावा लागतो, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आधी उडवावं लागतं. माशांच्या खाद्यात लोह आणि पालाश टोमॅटोला पुरेल एवढं नसतं, त्यामुळे कोवळी पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात, चिलेटेड (पाण्यात विरघळून राहणारं) लोह वरून द्यावंच लागतं. आणि आपल्या द्राक्षवाल्यांच्या सवयीने कोणी करप्यावर बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) मारला तर तांबं टाकीत उतरून मासे मेलेच समजा. मेंटेनन्ससाठी दिवसभर लाईट जाते तेव्हा दाट मासे असलेल्या टाकीत हवेचा पंप बंद पडून काही तासांत खेळ खलास, बॅटरीवरचा एअर पंप आधी, मासे नंतर. लेखात चिलापी (तिलापिया) पाळा असं बिनधास्त लिहिलंय. हा आफ्रिकेतला मासा, उजनी धरणात कसा पसरलाय ते सोलापूरवाल्यांना विचारा. तो पाळायला परवानगीचे नियम आहेत आणि कंटाळा आला म्हणून नदीत नेऊन सोडायचा नसतो. घरी आपले गोल्डफिश बरे.

सगळ्यात काळजीची गोष्ट वजनाची. पाण्याचा एक फूट थर म्हणजे चौरस मीटरला ३०० किलो, आणि वापरातल्या गच्चीचा भार डिझाईनमध्ये साधारण १५० किलो प्रति चौरस मीटर धरतात. हजार लिटरची माशांची टाकी आणि रोपांसाठी खडीचे बेड जुन्या सोसायटीच्या स्लॅबच्या मधोमध मांडायला सांगणारा लेख इंजिनीअरला विचारा एवढं तरी लिहू शकला असता.

राहिलं ते दसपट उत्पन्न. हा दावा आजचा नाही. १९३० च्या दशकात कॅलिफोर्नियात गेरिके नावाच्या प्राध्यापकांनी पाण्यावर २५ फुटी टोमॅटो वाढवले, शिडीवर चढून तोडणी, पेपरात फोटो, मग किट विकणाऱ्यांची गर्दी. त्यांच्याच विद्यापीठातल्या होग्लंड आणि आर्नन यांनी १९३८ मध्ये तपासून लिहिलं की चांगल्या जमिनीच्या तुलनेत उत्पन्नात विशेष फरक नाही. आज हॉलंडमध्ये चौरस मीटरला ५० किलोच्या वर टोमॅटो निघतात हे खरं, पण ते हीटिंग, कार्बन डायऑक्साईड आणि जवळजवळ वर्षभर चालणाऱ्या पिकाच्या जोरावर. पाणी वाचतं हे मात्र शंभर टक्के मान्य, फक्त तेच पाणी फिरवून वापरलं तर, आणि जुनं द्रावण गटारात न सोडता कुंड्यांना घातलं तर.

आमचे दीर दिंडोरीकडे टोमॅटो करतात, माझ्या बादल्या बघून म्हणाले, वहिनी, एवढ्या खर्चात मी तुम्हाला वर्षभर कॅरेट पाठवतो. पैशाच्या हिशोबात ते बरोबर आहेत. २०२३ च्या जुलैसारखा शंभरीपार भाव रोज नसतो, त्याच वर्षी मे महिन्यात लोकांनी माल रस्त्यावर ओतला होता. मी हे हौसेने आणि झाडावर पिकलेल्या चवीसाठी करते, वाचकांनाही तसंच सांगावं.

तर विनंती एवढीच, पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा शेजारी एक चौकट द्या, त्यात बादली, पंप, पीएच-ईसीचे मीटर, जाळी यांचा खर्च, महिन्याचं वीजबिल आणि एका हंगामात प्रत्यक्ष निघालेले किलो. आणि विक्रेत्याने दिलेली माहिती असेल तर तसं वर लिहा.

आपली नियमित वाचक,
गंगापूर रोड, नाशिक